मघाशीच खाल्लं

बाय, रागावू नकोस. परवा तुझ्याकडून निघाले ते एसटीत बसेपर्यंत गप्पच राहिले, कारण भावोजी सोडायला आले होते. बोलायचं होतं ते तसंच पोटात राहिलं. आता रात्रीचे साडेदहा झालेत, कौलांवर पाऊस नुसता ओततोय, घरातली सगळी झोपलीत, म्हणून तुझ्याशी बोलत बसलेय.

तू तांदूळ निवडत होतीस. सूप मांडीवर, समोर मी कांदा चिरत. लेकाच्या कॉलेजच्या फीचं सांगत होतीस, आणि बोलता बोलता तुझी दोन बोटं सुपातून चिमूटभर तांदूळ उचलायची नि तोंडात टाकायची. एकदा नाही, पाच-सहा वेळा. कुरुकुरु आवाज येत होता. तुला त्याचं भानसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "हे कधीपासून?" तर म्हणालीस, "लहानपणची सवय गो ताई." लहानपणी तुझी वेणी मी घालायचे, तुझं ताट मी मांडायचे. अशी सवय तुला नव्हती.

मग जेवायला बसलो. सासूबाईंना वाढलंस, भावोजींना, लेकाला, मला. ताटात भात, कुळथाची पिठी, भाजलेल्या बोंबलाचा एकेक तुकडा. पाणी घ्यायच्या निमित्तानं मी आत आले, तर तू चुलीशी उकिडवी बसून टोपाच्या तळाची करप उलथन्यानं खरवडत होतीस, वर पेजेचं पाणी नि मीठ. मला बघितलंस आणि पटकन म्हणालीस, "मघाशीच खाल्लं मी. चहा-चपाती."

ते वाक्य मला पाठ आहे, बाय. ते तुझं नाही, आईचं आहे.

तुला हे कोणी सांगितलेलं नाही, कारण तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. बाबा लालबागला गिरणीत होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला तेव्हा मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत. भात वर्षातून एकदा, तेही सहा-सात महिने पुरेल इतकंच. बाकी मीठ-मिरचीपासून वह्या-पुस्तकांपर्यंत सगळं मुंबईहून येणाऱ्या पैशावर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही. मार्चमध्ये शिमग्याला बाबा आले ते पडवीत बसले, ते बसलेच. वाण्यानं वहीत मांडून घेतलं दोन महिने, मग त्याचाही चेहरा बदलला. मे महिन्यात आईनं पावसाची बेगमी केली, पण नेहमीच्या निम्मी: थोडं सुकट, आमसुलं, कुळीथ आणि मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. आषाढात कणगीत हात घातला की बोटांना तळ लागायचा. पेजेत शितं कमी नि पाणी जास्त होत गेलं. आम्हा पोरांना वाढून झालं की आई म्हणायची, "मघाशीच खाल्लं गो मी." मी दहा वर्षांची. मला ते खरं वाटायचं.

आई तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. तू श्रावणात झालीस. सुईण म्हणाली होती, पोर पंजावर मावतेय.

मी अठ्ठावीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रात काढली. दर आठवड्याला बायकांच्या बोटाला सुई टोचून रक्त बघते. कोणाच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसली की लांबूनच ओळखते. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचे तळहात पांढरे पडलेले मला परवापर्यंत दिसले नाहीत. दर खेपेला येते, फणस आणते, गप्पा मारते, निघते. माझं चुकलंच. म्हणून आज सगळं सांगणार आहे. कंटाळा आला तरी पुरं ऐक.

आधी त्या कच्च्या तांदळाचं. माझ्याकडे येणाऱ्या बायका लाजत लाजत सांगतात: कोणाला पाटीची पेन्सिल खावीशी वाटते, कोणाला माती, कोणाला भिंतीचे पोपडे, कोणाला तांदूळ. ही हौस नसते नि चटकही नसते. अंगातलं लोह आटत आलं की असं पुष्कळदा होतं. रक्तातला जो लाल भाग श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो, तो बनायला लोह लागतं. ते कमी पडलं की हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त धावावं लागतं. घाटी चढताना तुला धाप लागते, पाय कायम गार असतात, न्हाताना मूठभर केस हातात येतात, सकाळी उठल्यावरच थकल्यासारखं वाटतं. हे सगळं तू मला वेगवेगळ्या वेळी सांगितलंयस, "वय झालं गो" म्हणून. बेचाळीस-त्रेचाळीस हे काय वय झालं? शिवाय तुझी पाळी गेल्या वर्षापासून जास्त जातेय. जातंय जास्त नि येतंय कमी, असा तो हिशेब आहे.

तू काही एकटी नाहीस यात. 2019 ते 2021 या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पुरुषांमध्ये हेच प्रमाण 25 टक्के होतं. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायका त्यात आहेत. पाळी आणि बाळंतपणं हे त्याचं एक कारण. पण घराघरांत जाऊन मी जे बघते त्यावरून सांगते, दुसरं कारण टोपात आहे. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भात येतो, पिठी येते ती पातळ, आणि बोंबील येतच नाही.

आणि तुझा तो चहा! सकाळी एक, अकराला एक, चारला एक, कंपनीत कोळंबी सोलून आल्यावर एक. चहानं भूक मरते, म्हणून तू पितेस हे मला ठाऊक आहे. तो जेवणाला लागून घेतला की अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, तेव्हा थोडं खातेस त्यातलंही फुकट जातं. चहा सोड म्हणत नाही मी, तुझी तेवढीच तर मजा आहे. जेवणाच्या आधी नि नंतर तासभर तरी लांब ठेव. आणि जेवताना लिंबू पीळ. त्यानं नेमकं उलटं होतं, लोह चांगलं अंगी लागतं.

आमच्या कागदांत या सगळ्याला अन्न-असुरक्षितता असा जड शब्द आहे. मला तो आधी कळायचा नाही. उपासमार म्हटलं की डोळ्यांपुढे दुष्काळातली हाडं निघालेली माणसं येतात, आणि आपण म्हणतो, आपल्याकडे काय तसं नाही बाबा, आपल्याकडे समुद्र आहे, भात आहे, माड आहे. पण हा शब्द त्या हाडांपुरता नाही. आज डब्यात आहे पण परवाचं ठाऊक नाही, यालाही तोच शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना जगभर हे मोजते ते आठ प्रश्न विचारून. दिवसभर काहीच खाल्लं नाही असं झालं का, हा त्यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न. आणि पहिला कुठला माहीत आहे? गेल्या वर्षात पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी तुम्हाला वाटली का?

पोट रिकामं व्हायच्या कितीतरी आधी, डब्याचा तळ दिसायच्या आधी सुरू होते ती काळजी. ती पहिली पायरी म्हणून मोजतात, आणि माणूस तिथूनच खचायला लागतो. तुझी ही पायरी 1 जूनच्या कितीतरी आधी सुरू होते. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी. मासळीची वीण व्हायला हवी, ती बंदी हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मिरकरवाडा बंदरात बोटी ओढून घेतल्या की बर्फाच्या नि मासळीच्या टेम्पोच्या खेपा थांबतात, भावोजी दुसऱ्याच्या टेम्पोवर खेपेच्या पैशावर, म्हणजे त्यांची कमाई थांबते. कंपनीत सोलायला कोळंबी कमी येते, म्हणजे तुझे दिवस कमी भरतात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि तू एप्रिलपासूनच मनात हिशेब मांडायला लागतेस. रात्री दोनला जागी होतेस, तांदूळ किती राहिले ते अंधारात मोजतेस, पुन्हा डोळा लागत नाही. सलग आठ-आठ दिवस धड झोप नसली की सकाळी लेकानं नुसतं "आई, डबा?" विचारलं तरी अंगावर जातेस. मग दिवसभर स्वतःलाच खातेस. परवा तू म्हणालीस, "मी फार वाईट झाले गो ताई. किती खेकसते सगळ्यांवर. माझा स्वभावच बिघडला."

तुझा स्वभाव बिघडलेला नाही. तुला एक गोष्ट सांगते, मी ती वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 तरुण पुरुष घेतले. चांगले धडधाकट, मनानं शांत, पारखून निवडलेले. युद्धात माणसं मारायची नाहीत म्हणून बंदूक हातात घ्यायला नकार दिलेली ती मुलं. उपाशी माणसांना पुन्हा कसं उभं करायचं हे कळावं म्हणून ती स्वतःहून अर्धपोटी राहायला तयार झाली. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. वजनं पाव हिश्शानं उतरली, ते तर होणारच होतं. पण मनाचं काय झालं बघ. ही शांत मुलं चिडकी झाली, एकमेकांशी बोलेनाशी झाली, उदास झाली. एका गोष्टीवर लक्ष लागेना. कायम थंडी वाजायची. दिवसरात्र डोक्यात अन्न. त्यातले काही तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे.

मला तू आठवलीस. सगळं आवरल्यावर अंथरुणात मोबाईलचा आवाज बंद करून तू बघतेस ते व्हिडिओ: पनीरचं काय, केकचं काय. तुझ्या घरात ओव्हन नाही नि पनीर येत नाही. मला वाटायचं, असेल करमणूक. ती करमणूक नाही, बाय, ती भूक आहे.

त्या मुलांना घर नव्हतं चालवायचं, हप्ता नव्हता, सासूचं औषध नव्हतं. सहा महिन्यांनी जेवायला मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांची अशी गत झाली. तुला तर हे दर पावसाळ्यात किती वर्षं झालं!

आणि लाज. ती तर भुकेपेक्षा जास्त खाते माणसाला. बाबांचं मी डोळ्यांनी बघितलंय. संपाच्या त्या पावसात ते पडवीत खांबाला टेकून बसायचे, कोणी पाहुणा आला की मागल्या दारानं परड्यात निघून जायचे, कारण पाहुण्याला चहा विचारावा लागतो नि घरात साखर नाही. ज्या माणसाची मुंबईहून येताना अख्खी वाडी वाट बघायची, तो माणूस वाडीत तोंड लपवायला लागला. पुढे कितीतरी वर्षं बाबा मोकळेपणानं बोलले नाहीत. आपल्याला वाटायचं, बाबा तापट आहेत. तू त्यांना तसंच ओळखलंस. मी त्यांना आधीचं ओळखत होते, दशावतारातल्या सोंगांच्या नकला करून आम्हाला हसवणारे.

भावोजी परवा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मान खाली. मी "कसं चाललंय" विचारलं तर "चाललंय" म्हणून हात धुवायला उठले. मला पडवीतला तो खांब दिसला.

त्यांच्याबद्दल एक फार महत्त्वाचं सांगायचंय, ते नीट लक्षात ठेव. त्यांना साखरेची गोळी चालू आहे. रोज सकाळी ती ते घेतात आणि हल्ली न्याहारी चुकवतात, असं तूच म्हणालीस. "भूक नाही म्हणतात." हे चालणार नाही. डायबेटिसच्या काही गोळ्या अशा असतात की खाल्लं नाही तरी त्या रक्तातली साखर खाली ओढतातच. मग दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस तोंडाला येईल ते बडबडतो. लोकांना वाटतं, प्यायलाय. टेम्पो चालवताना असं झालं तर? कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, 2014 साली तो छापून आला, असं दिसलं की गरीब वस्त्यांतल्या लोकांना साखर उतरून इस्पितळात भरती करावं लागण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात 27 टक्क्यांनी जास्त होतं. पैसेवाल्यांत तसा फरक नव्हता. महिनाअखेरीला डबे रिकामे होतात, आणि गोळी चालूच राहते. तिकडे अमेरिकेत, आणि इकडे तुमच्या मिऱ्यावर, एकच गोष्ट. तेव्हा त्यांना सांग, गोळीआधी निदान पेज तरी पोटात जायला हवी. आणि अंगाला असा घाम सुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, मग खायला द्यायचं, मग मला फोन करायचा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. जेवणाच्या वेळा बिघडल्यात हे डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी बदलून देऊ शकतात. पण ते सांगायला लाज वाटते ना? तेच तर म्हणतेय मी.

आता तुझ्या साखरेचं. हे सांगू की नको असा विचार करत होते, पण लपवण्यात काय अर्थ आहे. पुण्याला केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत, त्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांवर लक्ष ठेवलं, मग त्यांच्या बाळांवर, मग ती बाळं मोठी होईपर्यंत. आपल्याकडची बाळं जन्मतात अडीच-पावणेतीन किलोची, दिसायला किडकिडीत. पण मोजून बघितलं तर मांस कमी आणि मानानं चरबी जास्त. आई अर्धपोटी असली की बाळाचं शरीर पोटातच काटकसर शिकतं. पुढे कधी पोटभर मिळायला लागलं की या काटकसरी शरीराला ते झेपत नाही, आणि बारीक दिसणाऱ्या माणसालाही चाळिशीच्या आत-बाहेर डायबेटिस धरतो. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं होतं, तेव्हा जी बाळं आईच्या पोटात होती त्यांना पन्नाशीत तपासलं, तर त्यांच्यातही हेच दिसलं, साखर झेपत नाही.

तू 1982 च्या पावसाळ्यातलं बाळ आहेस. म्हणून तुला डायबेटिस होणारच असं मुळीच नाही. आईचा यात कणभर दोष नाही, हेही लगेच सांगते. तिनं जे खाल्लं नाही ते आम्ही खाल्लं. पण तू वर्षातून एकदा साखर तपासून घेतलीच पाहिजेस. "मी बारीक आहे, मला कशाला" हे तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं नाही. आणि तुझ्या थोरल्या जाऊबाई अंगानं भरलेल्या आहेत म्हणून त्यांना सगळं मिळतं असंही समजू नकोस. नुसता भात, गोड चहा, पाच रुपयांचा बिस्किटपुडा नि वडापाव यावर पोट फुगतं, अंग सुटतं, पण रक्त वाढत नाही. त्यांच्या पापण्याही मी बघणार आहे.

तर आता करायचं काय? आधी रेशन. अंगठा उमटत नाही म्हणून तुला दुकानातून दोनदा परत पाठवलं, हे तू इतक्या सहज सांगितलंस की मला रडू आलं. बर्फातली कोळंबी सोलून सोलून तुझ्या बोटांच्या रेघाच पुसल्यात, त्या यंत्राला तुझी ओळख कुठून पटणार? पण ते धान्य तुझ्या हक्काचं आहे, कोणाची मेहेरबानी नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तुमच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो आहे, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. चार माणसांचं 20 किलो होतं, बाय! तेवढं दोन महिने घरात आलं नाही म्हणजे किती टोप भात गेला ते बघ. घरातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, लेकाला पाठव. तुझी ई-केवायसी मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते, ती आपण करून टाकू. तरी कोणी परत पाठवलं तर 1967 या नंबरावर फोन करायचा, तिथंच दुकानात उभं राहून. मी येईन सोबत.

दुसरं ते लाडकी बहीण योजनेचे 1500. ते येतात त्या दिवशी तू सगळेच्या सगळे हप्त्याला भरतेस. हप्ता चुकवू नकोस, मी तसं म्हणणार नाही, त्या वसुलीच्या माणसांचा तुला किती धसका आहे ते मी बघितलंय. पण त्यातले 300 बाजूला काढ, पहिले, हप्त्याच्या आधी. त्याची अंडी आण. आणि ती अंडी लेकासाठी म्हणून फळीवर ठेवायची नाहीत.

मासळी नाही म्हणून काही नाही असं होत नाही आपल्याकडे, हे तर तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. कुळथाला लोक गरिबाचं खाणं म्हणतात, पण शंभर ग्रॅम कुळथात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळाच्या अडीच-तीनपट. फक्त पिठी पातळ केलीस तर त्यातलं काय उरतं? दाट कर. नाचणीची भाकरी सोडू नका. हाडांना लागणारं कॅल्शियम शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. सासूबाईंना नाचणी नको वाटते, कमीपणाची वाटते, त्यांना म्हणावं शहरात आता नाचणीची बिस्किटं महाग विकतात. सुकट धुऊन घे, मीठ जाईल, मग कांद्यावर परत. टाकळा सध्या बांधावर फुकट आहे, अळू परड्यात आहे, कुर्डू आहे. यानं सगळं भागेल असं मी म्हणत नाही. भाजी खुडून कोणाची गरिबी जात नाही. खेपा बंद असल्या की पैसा येत नाही, आणि त्याला उपाय तुझ्या चुलीपाशी नाही, हे मला चांगलं कळतं. त्या 61 दिवसांची भरपाई टेम्पोवाल्याला नि कोळंबी सोलणारीला कोणीतरी द्यायला हवी, हे मी आमच्या बैठकीत दरवेळी बोलते, पुढेही बोलेन.

पण जे आहे ते वाटायचं कसं, हे मात्र तुझ्या हातात आहे. उद्यापासून चार ताटं एकदम वाढायची. तुझं चौथं नाही, तुझं पहिलं. बोंबील तीन असले तर त्यांचे चार तुकडे. घरात कळू दे कमी आहे ते. लेक एकोणीस वर्षांचा झाला, त्याला आईच्या टोपातली करप दिसू दे. तो काही लहान नाही, नि वाईट तर मुळीच नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही तर तो काय करणार? दहा वर्षांच्या मला आईनं सांगितलं असतं तर मी माझ्या वाटणीतला घास दिला असता. ते नाही देता आलं, हे मला अजून सलतं. तुझ्या लेकाला चाळीस वर्षांनी असं सलायला लावू नकोस.

आणि झोप. गोळ्या आणून देणार नाही मी झोपेच्या. पोटात काही असलं की निम्मी झोप आपोआप येते. पण परवा दारात तू एक वाक्य हळूच बोललीस, "कधीकधी वाटतं, मी नसते तर एक ताट कमी झालं असतं." तू हसून म्हणालीस. मी हसले नाही. असं वाटायला लागलं की रात्र असो नि पहाट असो, मला फोन करायचा. माझा लागला नाही तर 14416, ते टेली-मानसचं आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. आपल्या रत्नागिरीत मनाच्या दवाखान्याचं नाव काढलं की लोक हसतात, तो दवाखाना 1886 पासून आहे नि अजून लोकांचं हसू थांबलेलं नाही. हसू देत. मन हेही अंगातच असतं, त्याच रक्तावर चालतं. ते रक्त कमी असलं की मनही फिकं पडतं. आधी रक्त तपासू, मग बाकीचं ठरवू. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. तुझं किती निघेल याचा मला अंदाज आहे, पण तो आकडा आल्यावरच बोलेन. गोळ्या मिळतील उपकेंद्रात, पैसे नाहीत. काळी शी होईल त्यानं, घाबरायचं नाही, मध्येच सोडायच्या नाहीत.

मला पैसे मागायला तुला जड जातं, ठाऊक आहे. मागू नकोस. फक्त खोटं बोलू नकोस माझ्याशी. "तांदूळ रविवारपर्यंत आहेत" एवढा एक मेसेज टाकलास तरी मला कळेल. सुरुवातीला तळ दिसायच्या आधी सांगणं फार अवघड वाटेल, तोंडातून शब्द निघणार नाही. टाईप कर मग.

गुरुवारी माझी दुपारनंतर सुट्टी आहे. साडेतीनच्या गाडीनं येते. सुई नि पट्टी घेऊन येते, तुझी, जाऊबाईंची, सासूबाईंची, सगळ्यांची बोटं टोचते, म्हणजे तुला एकटीला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. परड्यातली चार लिंबं आणते, अंडी आणते. आधी दुकानात जाऊन येऊ. मग तू भात टाक, मी पिठी लावते, दाट. आणि बाकीची यायच्या आत आपण दोघी बसू चुलीपाशी ताटं घेऊन, तू नि मी, आधी.